कॅटन : एक पाळी नेमकी कशी खेळायची

कॅटन हा वस्त्या आणि रस्ते बांधून गुण मिळवण्याचा पटावरचा खेळ. तो खेळताना होणारी बहुतेक भांडणं क्रमावरून होतात. "आधी रस्ता बांधते, मग सौदा करते." "सात पडले, म्हणजे माझी पाळी गेली ना?" "तुम्ही दोघं आपापसात बदला की, मला काय!" नियमपुस्तिका एकदा चाळलेली असते आणि मग जो जोरात बोलतो त्याचा नियम चालतो.

यात सवयीचाही वाटा आहे. आपला हात बसलेला असतो ल्युडोवर आणि व्यापारवर. ल्युडोत सहा पडले की पुन्हा फासा मिळतो, व्यापारात घराघरांतून उधारी चालते आणि कुणीही कधीही कुणाशीही सौदा करतं. या तिन्ही सवयी कॅटनमध्ये चुकीच्या आहेत. इथे दोन्ही फाशांवर सारखाच आकडा आला तरी दुसरी फेक नाही, उधारी नाही, आणि सौदा फक्त ज्याची पाळी आहे त्याच्याशीच.

खालचे टप्पे मूळ खेळासाठी आहेत, म्हणजे ३ किंवा ४ खेळाडू आणि १० गुणांचा डाव. ५-६ जणांच्या विस्तार संचात पाळीचे काही नियम बदलतात, ते इथे घेतलेले नाहीत.

टप्पा १ : फासे हातात घेण्याआधी

संसाधनांच्या कार्डांचे पाच गठ्ठे लावा: वीट, लाकूड, लोकर, धान्य आणि खनिज. प्रत्येकी १९, एकूण ९५. जुना संच असेल तर मोजून घ्या, कारण बँकेतली कार्डं संपली तर काय करायचं याचा वेगळा नियम आहे आणि तो याच संख्येवर चालतो. बँक एकाच माणसाने सांभाळावी. चौघे चार बाजूंनी हात घालतात तेव्हा कुणी किती उचललं ते कळत नाही. डेव्हलपमेंट कार्डं, म्हणजे खास खेळी किंवा गुण देणारी कार्डं, २५ असतात. ती पिसून उपडी ठेवा.

पटावर १९ षटकोन येतात: जंगल, कुरण आणि शेत प्रत्येकी ४, विटांच्या टेकड्या ३, खनिजाचे डोंगर ३ आणि वाळवंट १. आकड्यांची टोकनं १८ असतात. वाळवंटावर टोकन ठेवत नाहीत, तिथे रॉबर, म्हणजे षटकोनाचं उत्पन्न अडवणारी दरोडेखोराची सोंगटी, उभा करतात. टोकनं त्यांच्यावर छापलेल्या अक्षरांच्या क्रमाने न लावता पिसून लावत असाल, तर ६ आणि ८ ही लाल टोकनं एकमेकांना चिकटून येऊ देऊ नका.

किमती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हव्यात:

- रस्ता: वीट १, लाकूड १
- वस्ती: वीट १, लाकूड १, लोकर १, धान्य १
- शहर: खनिज ३, धान्य २
- डेव्हलपमेंट कार्ड: लोकर १, धान्य १, खनिज १

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. पाळीत सौदे आणि बांधकाम वेगवेगळे ठेवायचे की एकत्र? वेगळे ठेवले तर क्रम सरळ: आधी सगळे सौदे उरकायचे, मग बांधायचं. एकदा बांधायला सुरुवात केली की सौदा बंद. एकत्र ठेवले तर सौदा, बांधकाम, पुन्हा सौदा असं हवं तसं करता येतं. नवखे लोक असतील तर पहिले काही डाव वेगळेच खेळा, असं माझं ठाम मत आहे. पाळीचा आकार डोक्यात पक्का बसतो आणि प्रत्येकाची पाळी लांबतही नाही.

तपासा: वेगळे की एकत्र, हे प्रत्येकाने तोंडाने "हो" म्हणून मान्य केलंय? अर्ध्या डावात हा नियम बदलायचा नाही.

टप्पा २ : सुरुवातीच्या दोन वस्त्या

फासे टाकून पहिला खेळाडू ठरवा. तो एक वस्ती ठेवतो आणि तिला लागून एक रस्ता. मग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बाकीचे. शेवटचा खेळाडू आपली पहिली वस्ती ठेवून लगेच दुसरीही ठेवतो, आणि तिथून क्रम उलटा फिरतो. चौघे असतील तर १, २, ३, ४, ४, ३, २, १. दुसऱ्या फेरीतही पहिल्यापासूनच सुरू करणं ही चूक फार दिसते. त्यात चौथ्यावर अन्याय होतो, कारण सगळ्यात उशिरा निवडण्याची भरपाई म्हणूनच त्याला लागोपाठ दोन जागा मिळतात.

वस्ती षटकोनांच्या कोपऱ्यावर बसते, रस्ता कडेवर. दोन वस्त्यांच्या मध्ये, त्या कुणाच्याही असोत, निदान दोन कडांचं अंतर हवं. वस्तीच्या लगतच्या तिन्ही कोपऱ्यांवर नंतर कुणालाच बांधता येत नाही, खुद्द मालकालाही नाही. दुसरी वस्ती पहिलीला जोडलेली असण्याची गरज नाही, पण दुसरा रस्ता मात्र दुसऱ्याच वस्तीला लागून हवा.

जागा निवडताना टोकनावरचे ठिपके बघा. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी किती वेळा तो आकडा येतो, ते ठिपके सांगतात. ६ आणि ८ ला प्रत्येकी ५, २ आणि १२ ला प्रत्येकी १.

सावधान: सुरुवातीची कार्डं फक्त दुसऱ्या वस्तीची मिळतात, तिला लागलेल्या प्रत्येक संसाधनाच्या षटकोनामागे एक. दोन्ही वस्त्यांची कार्डं वाटली तर पहिल्याच फेरीत हात फुगतात आणि डावाचा वेग बिघडतो.

टप्पा ३ : फासे टाका, सगळ्यांचं उत्पन्न वाटा

पाळी फाशांनी सुरू होते. त्याआधी फक्त एकच गोष्ट करता येते: आधीच्या पाळीत विकत घेतलेलं एखादं डेव्हलपमेंट कार्ड खेळणं. फासे टाकण्याआधी सौदा नाही आणि बांधकामही नाही.

दोन्ही फाशांची बेरीज करा. तो आकडा असलेल्या षटकोनांना लागून ज्यांच्या वस्त्या आहेत त्यांना प्रत्येकी एक कार्ड, शहर असेल तर दोन. पाळी कुणाचीही असो, उत्पन्न सगळ्यांचं. नवख्यांची सगळ्यात मोठी गळती इथे होते. दुसऱ्याची पाळी सुरू झाली की लक्ष मोबाईलकडे जातं आणि हक्काची कार्डं राहून जातात. त्यामुळे बँक सांभाळणाऱ्याने आकडा मोठ्याने म्हणावा आणि त्या आकड्याचे दोन्ही षटकोन बोटाने दाखवावेत. २ आणि १२ सोडले तर प्रत्येक आकड्याची टोकनं दोन असतात, आणि लोक एकाकडे बघून दुसरं विसरतात.

एकाच वस्तीला त्याच आकड्याचे दोन षटकोन लागून असतील तर दोन्हींची कार्डं मिळतात. रॉबर ज्या षटकोनावर बसलाय तिथून कुणालाच काही नाही.

बँकेत कार्डं पुरली नाहीत तर? समजा, धान्याची दोनच कार्डं उरली आहेत आणि निळ्या सोंगट्यांच्या खेळाडूला दोन, पांढऱ्याला एक यायला हवं. अशा वेळी धान्य कुणालाच मिळत नाही. "ज्याने आधी मागितलं त्याला" असं करायचं नाही. फक्त एकाच खेळाडूचं येणं असेल तर मात्र जितकी उरली तितकी त्याला द्यायची. बाकीची संसाधनं नेहमीप्रमाणे वाटायची.

तपासा: "सगळ्यांना मिळालं?" हे एकदा विचारूनच पुढे जा. राहिलेलं कार्ड किती वेळाने मागता येईल याची मर्यादाही आपसात ठरवलेली बरी. पुढचे फासे पडेपर्यंत, एवढी पुरते.

टप्पा ४ : सात पडले तर

३६ पैकी ६ वेळा सात येतात, म्हणजे इतर कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त. त्यामुळे याचा क्रम पाठच हवा:

१. उत्पन्न कुणालाच नाही.

२. ज्यांच्या हातात सातपेक्षा जास्त संसाधन कार्डं आहेत त्या प्रत्येकाने निम्मी बँकेत टाकायची. विषम संख्या असेल तर अर्धं सोडून द्यायचं: ८ असतील तर ४, ९ असतील तरी ४, ११ असतील तर ५. बरोबर सात असतील तर काहीच नाही. कुठली टाकायची ते ज्याचं त्याने ठरवायचं.

३. मग फासे टाकणारा रॉबर हलवतो. त्याला आहे तिथेच ठेवता येत नाही, दुसऱ्या षटकोनावर न्यायलाच लागतो. वाळवंटात परत नेलेला चालतो.

४. त्या नव्या षटकोनाला लागून ज्यांची वस्ती किंवा शहर आहे, त्यांच्यापैकी एकाच्या हातातून एक कार्ड न बघता ओढायचं. शहर असलं तरी एकच.

इथल्या चुका ठरलेल्या आहेत. फासे टाकणारा स्वतःला कार्डं टाकण्यातून वगळतो, पण त्यालाही नियम लागू आहे. काही जण आधी चोरी करतात आणि मग मोजतात. त्याने कुणाचा हात आठवरून सातवर येतो आणि तो सुटतो. आधी टाकणं, मग चोरी. डेव्हलपमेंट कार्डं या मोजणीत धरायची नाहीत.

सावधान: सात पडल्याने पाळी संपत नाही. रॉबरचं काम झालं की त्याच खेळाडूने पुढे सौदे करायचे, बांधायचं, सगळं नेहमीसारखं.

टप्पा ५ : सौदे

या खेळाचा जीव इथे आहे आणि सगळ्यात जास्त नियमभंगही इथेच होतो. मूळ नियम एकच लक्षात ठेवा: ज्याची पाळी आहे, तो प्रत्येक सौद्याच्या एका टोकाला असलाच पाहिजे. पाळी लालची असेल तर निळा लालशी बदलू शकतो, पांढरा लालशी बदलू शकतो, पण निळा आणि पांढरा एकमेकांशी नाही. बाकीचे लालला स्वतःहून देकार देऊ शकतात.

एक पाळी जवळून बघू. लालच्या हातात लाकूड २, लोकर २, खनिज १, धान्य १ अशी सहा कार्डं आहेत. त्याने फासे टाकले, आठ आले. आठच्या डोंगराला लागून त्याचं शहर आहे, म्हणून खनिज २. निळ्याची त्याच डोंगराला वस्ती आहे, त्याला खनिज १. आठचं दुसरं टोकन कुरणावर आहे आणि तिथे पांढऱ्याच्या दोन वस्त्या, त्याला लोकर २. नारिंगीला काही नाही. आता लालकडे खनिज ३ आहेत. दुसरं शहर करायला धान्य एक कमी पडतंय.

तो विचारतो, "धान्य कुणाकडे आहे? लोकर देतो." पांढऱ्याच्या हातात नुकतीच दोन लोकर आली आहेत, तो नकारार्थी मान हलवतो. निळा म्हणतो, "लोकर नको, दोन लाकूड दे, एक धान्य घे." एका बाजूने दोन आणि दुसऱ्या बाजूने एक असा सौदा बिनदिक्कत चालतो. लाल लाकूड देतो, धान्य घेतो, एक वस्ती उचलून तिथे शहर बसवतो आणि खनिज ३, धान्य २ बँकेत भरतो. हातात दोन लोकर उरतात. याच वेळी नारिंगी निळ्याला म्हणाला असता, "ते लाकूड मला दे, मी वीट देतो," तर तो सौदा अवैध. निळ्याची किंवा नारिंगीची पाळी येईपर्यंत थांबायचं.

काय चालत नाही, ते बघा:

- फुकट देणं. दोन्ही बाजूंनी निदान एक कार्ड जायलाच हवं. "आत्ता वीट दे, पुढच्या वेळी धान्य देतो" ही उधारी म्हणजे आत्ता फुकट देणंच झालं.
- दोन्ही बाजूंना तेच संसाधन. तीन लोकर देऊन एक लोकर घेणं म्हणजे फुकट देण्याची पळवाट, म्हणून बंद.
- डेव्हलपमेंट कार्डांचा सौदा. ही कार्डं ज्याने घेतली त्याचीच.

कुणी सौदा करायला तयार नसेल तर बँक आहे. एकाच प्रकारची चार कार्डं देऊन हवं ते एक घ्यायचं. दोन विटा आणि दोन लोकर अशी भेळ बँक घेत नाही. पोर्टवर, म्हणजे पटाच्या किनाऱ्यावरच्या बंदरावर, वस्ती किंवा शहर असेल तर दर सुधारतो. साध्या पोर्टवर कुठल्याही एका प्रकारची तीन देऊन एक. विशिष्ट पोर्टवर तिथे छापलेल्या संसाधनाची दोन देऊन एक. हे पोर्ट पुष्कळ लोक उलटं वाचतात. लोकरीच्या पोर्टवर तुम्ही दोन लोकर देता आणि त्याबदल्यात काहीही एक घेता. कुठलीही दोन देऊन लोकर घेण्याची सोय तिथे नाही.

सावधान: पोर्टपर्यंत नुसता रस्ता पोहोचून उपयोग नाही, पोर्टच्या कोपऱ्यावर वस्तीच हवी. सौदे आणि बांधकाम वेगळे ठेवले असतील तर नव्या पोर्टचा फायदा पुढच्या पाळीपासून. एकत्र ठेवले असतील तर त्याच पाळीत घेता येतो.

तपासा: बँकेशी व्यवहारही फक्त स्वतःच्या पाळीतच.

टप्पा ६ : बांधकाम

कार्डं पुरतील तितकं बांधता येतं, संख्येवर बंधन नाही. बंधन सोंगट्यांचं आहे: प्रत्येकाकडे रस्ते १५, वस्त्या ५, शहरं ४. पाचही वस्त्या पटावर असतील तर सहावी बांधता येत नाही. आधी एखादीचं शहर करा, म्हणजे वस्तीची सोंगटी हातात परत येते. शहर थेट मोकळ्या जागेवर उभं राहत नाही.

रस्ता तुमच्याच रस्त्याला, वस्तीला किंवा शहराला लागून हवा, आणि एका कडेवर एकच. दुसऱ्याच्या वस्तीच्या कोपऱ्यातून रस्ता आरपार पुढे नेता येत नाही. नवी वस्ती स्वतःच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, आणि दोन कडांच्या अंतराचा नियम डावभर लागू.

सलग पाच रस्ते ज्याचे पहिल्यांदा होतील त्याला सर्वात लांब रस्त्याचं कार्ड आणि त्याचे २ गुण. फाटे मोजायचे नाहीत, एकाच सलग वाटेची लांबी धरायची. बरोबरी झाली तर कार्ड ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहतं, ओढून घ्यायला एक रस्ता जास्त लागतो. मधल्या मोकळ्या कोपऱ्यावर दुसऱ्याने वस्ती ठेवली तर वाट तिथे तुटते, आणि लगेच नव्याने मोजणी करावी लागते.

टप्पा ७ : डेव्हलपमेंट कार्ड कधी खेळायचं

एका पाळीत एकच. पाळीत कधीही, अगदी फासे टाकण्याआधीसुद्धा. मात्र याच पाळीत विकत घेतलेलं याच पाळीत खेळता येत नाही. घेतलेलं कार्ड थोडं आडवं धरून ठेवा आणि पाळी संपली की सरळ करा, म्हणजे कुठलं नवं ते लक्षात राहतं.

२५ पैकी १४ नाइट, म्हणजे सैनिकाची कार्डं, असतात. नाइट खेळला की रॉबर हलतो आणि एक कार्ड चोरता येतं, पण सात पडल्यासारखं निम्मी कार्डं टाकणं यात नाही. ही गल्लत जवळपास प्रत्येक नव्या टेबलावर होते. तुमच्या भरवशाच्या षटकोनावर रॉबर बसला असेल तर नाइट फासे टाकण्याआधी खेळा, म्हणजे त्याच फेकीचं उत्पन्न हाती लागेल. खेळलेले नाइट समोर उघडे ठेवा. तीन पूर्ण करणाऱ्या पहिल्या खेळाडूला सर्वात मोठ्या सैन्याचे २ गुण, आणि त्याच्यापेक्षा जास्त नाइट खेळणारा ते काढून घेतो.

मक्तेदारीचं कार्ड खेळणारा एक संसाधन सांगतो आणि बाकीच्यांनी त्या प्रकारची सगळी कार्डं त्याला द्यायची. आधी लोकर सगळ्यांना विकून मग लोकरीचीच मक्तेदारी लावली तर टेबलावर आरडाओरडा होतो. पण ती नियमात बसणारी खेळी आहे. उरलेल्यांपैकी एक दोन रस्ते फुकट देतं, एक बँकेतून हवी ती दोन संसाधनं. आणि पाच कार्डं प्रत्येकी एका गुणाची असतात, ती जिंकेपर्यंत झाकूनच ठेवायची.

टप्पा ८ : गुण मोजा, फासे पुढे द्या

वस्तीचा १, शहराचे २, लांब रस्त्याचे २, सैन्याचे २, गुणाच्या प्रत्येक झाकलेल्या कार्डाचा १. फासे पुढे देण्याआधी दर वेळी मोजा. एकदा फासे दिले की सौदा आणि बांधकाम परत उघडत नाही.

१० गुण तुमच्याच पाळीत असायला हवेत. समजा, निळ्याने पांढऱ्याचा लांब रस्ता मधेच तोडला आणि त्यामुळे ते कार्ड नारिंगीकडे येऊन त्याचे १० झाले. तरी डाव संपत नाही. नारिंगीने आपल्या पाळीची वाट पाहायची, आणि तोवर बाकीच्यांना तो रस्ता तोडायची संधी आहे. त्याची पाळी येईपर्यंत १० टिकले तर फासे न टाकताही तो जिंकल्याचं जाहीर करू शकतो. गुणाचं झाकलेलं कार्ड याच पाळीत घेतलं असेल आणि त्याने १० होत असतील, तर ते लगेच उघडता येतं. याच पाळीत घेतलेलं कार्ड वापरता येत नाही, या नियमाला एवढाच अपवाद आहे.